सरांना कोणी काही विचारू नये

सरांना ‘कसे आहात’ असं विचारायचं नसतं, हे आमच्या वॉटफर्डच्या कॉलेजातल्या इंग्रजांना पहिल्या टर्ममध्येच कळलं असणार. तिथे ‘यू ऑल राइट?’ हा काही प्रश्न नसतो, जाताजाता काढलेला आवाज असतो. सर मात्र थांबायचे. हातातली पिशवी खाली ठेवायचे, स्वतःच्या तब्येतीचा नीट अंदाज घ्यायचे आणि सांगायचे, की डावा गुडघा सकाळपासून धरलाय, झोप साडेपाच तास झाली आणि मनाची अवस्था मध्यम आहे. तोवर विचारणाऱ्याची बस गेलेली असायची. मी तिथे शिकायला दाखल झाले तेव्हा स्टाफरूममधले लोक त्यांना पाहून नुसती मान हलवून सटकायला शिकले होते.

आमच्या मराठी मंडळात तर त्यांची दहशतच होती. मंडळ म्हणजे लंडनच्या कडेची, वॉटफर्ड, वेम्बली आणि आसपासची डॉक्टर, इंजिनियर, बँकवाली मराठी कुटुंबं. सर साठच्या दशकात मिरजेहून आले, लग्न केलं नाही, वॉटफर्ड स्टेशनमागच्या एका अरुंद घरात राहिले. एकट्या माणसाला सणावाराला बोलवावं म्हणून त्यांना सगळीकडे आमंत्रण असायचं. ते यायचे आणि बायका धास्तावायच्या. भाजी कशी झालीये, असं चुकून कोणी विचारलं, तर सर सांगायचे, “मीठ कमी, तेल जास्त.” बारशाला कोणीतरी हौसेने विचारलं, “बाळ कोणासारखं दिसतं?” सर पाळण्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “अजून कोणासारखंच नाही.” गणपतीत मंडळींनी महिनाभर तालमी करून नाटक बसवलं, त्यावर अभिप्राय विचारला तेव्हा एकच शब्द आला, “लांबलं.” आणि समोरच्याचा चेहरा पडला की ते अगदी सरळपणे म्हणायचे, “विचारलंत म्हणून सांगितलं.”

खरी गोष्ट अशी होती की ते आपणहून कधीच कोणाबद्दल वाकडं बोलत नसत. त्या मीठ कमी असलेल्या भाजीचा त्यांच्या पानात देठसुद्धा उरायचा नाही. लोक ओट्या भरून, डबे घेऊन निघून गेले की कोट काढून, बाह्या दुमडून पातेली घासायला उभे राहणारे तेच असायचे. पण लोकांच्या लक्षात पातेली राहत नाहीत.

आता माझ्याबद्दल. मी भित्री आहे. आठव्या वर्षी पुण्याहून वॉटफर्डला आले तेव्हापासून मला शाळेची, बर्फाची, फोनची आणि बाबांच्या अभिमानाची भीती वाटत आलेली आहे. यातली शेवटची सगळ्यात मोठी. बाबा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, आणि ए लेव्हल्सच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षी मला एडिनबराहून केमिस्ट्रीच्या डिग्रीची ऑफर आली. ऑफर सशर्त होती, म्हणजे ठरलेल्या ग्रेड्स मिळाल्या तरच प्रवेश. मी ते बाबांना दोनदा वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “अट? आपल्या मुलीला कसली अट!” आणि वेम्बलीच्या ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानातून दोन किलो पेढे आणून त्यांनी मंडळाच्या गुढीपाडव्याला वाटले. सरांनीही एक घेतला. माझ्याकडे बघून विचारलं, “परीक्षा झाली?” मी म्हटलं, “जूनमध्ये आहे.” त्यांनी पेढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. केमिस्ट्रीत सी, बाकी सांगण्यासारखं नव्हतं. एडिनबराने नाही म्हणून कळवलं. मला आमच्या गावातल्या कॉलेजात एचएनडीला प्रवेश मिळाला. हा दोन वर्षांचा डिप्लोमा चांगल्या मार्कांनी केला, तर पुढे डिग्रीला मधूनच शिरता येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण रविवारी मंडळातून कोणाचा तरी फोन आला आणि त्यांनी विचारलं, “मग, एडिनबराला कधी निघतेय लेक?” बाबा म्हणाले, “पुढच्या आठवड्यात.” त्या एका वाक्यात मी एडिनबराला गेले आणि प्रत्यक्षात जिन्यावर बसून राहिले.

मग बाबांनी कागदावर हिशोब मांडला. स्कॉटलंडची डिग्री चार वर्षांची. इथली दोन वर्षं नीट झाली आणि तिथे थेट तिसऱ्या वर्षाला घेतलं, तर सगळं जुळतं. कोणाला काही कळायचं कारण नाही. पण त्यांनी दुसऱ्या वर्षाला घेतलं, तर एक वर्ष जास्तीचं उरतं आणि मग मुलगी नापास झाली म्हणून सांगावं लागेल. “तेव्हा तिसरंच वर्ष मिळालं पाहिजे,” बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ती दोन वर्षं मी कशी काढली ते मलाच माहीत. टर्म चालू असताना मी वॉटफर्डमध्ये असूच शकत नव्हते. पुढच्या खोलीचे पडदे कायम ओढलेले. आई हॉलमध्ये फोनवर सांगायची, “हो, परवाच बोलले तिच्याशी, थंडी फार आहे म्हणते तिकडे,” आणि मी तिच्या पायाशी बसून मोज्यांच्या जोड्या लावत असायचे. कॉलेजला जाताना डोक्याला स्कार्फ, आणि दोन स्टॉप अलीकडे उतरून चालत. शनिवारी किराणा आणायला सगळे वेम्बलीला जायचे, तेव्हा घरी एकटी राहायला भीती वाटते म्हणून मीही जायचे, आणि ईलिंग रोड आला की मागच्या सीटखाली आडवी व्हायचे. अंगावर बाबांचा ओव्हरकोट. वरून आईचा आवाज यायचा, “हलू नकोस, कुलकर्णी दिसतायत.” आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा गाडीच्या मॅटला तोंड लावून मी रामरक्षा म्हणत असे.

आणि या सगळ्याच्या पहिल्याच दिवशी, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, पांढरा कोट घालून सर आत आले.

ते त्या कॉलेजात शिकवतात हे आम्हाला माहीत होतं. पण ते संध्याकाळच्या वर्गांना शिकवतात, अशी बाबांची माहिती होती. सरांनी हजेरी घेतली. माझं नाव आल्यावर नजर वर केली, टिक केली आणि पुढचं नाव घेतलं. वर्ग सुटल्यावर मी पळणार एवढ्यात त्यांनी मराठीत हाक मारली.

“तू एडिनबराला आहेस ना?”

“बाबा तसं सांगतात, सर.”

“आणि आहेस कुठे?”

“इथे.”

“बरं.” ते फळा पुसत राहिले. मग म्हणाले, “मी आपणहून कोणाला सांगणार नाही. मला कारण नाही. पण मला कोणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. हे तुला आधी सांगून ठेवतो.”

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा मटकन खुर्चीत बसले. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रार्थना होती, की सरांना कोणी काही विचारू नये.

शिकवायचे मात्र असे की भीतीतसुद्धा डोक्यात उतरावं. त्यांच्या लॅबमध्ये पेन्सिल चालत नसे, रबर तर दिसताच ते जप्त करायचे. रीडिंग पेनाने लिहायचं. चुकलं, तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. “चूक वाचता आली पाहिजे,” हे ते इंग्रजीत इतक्यांदा म्हणायचे की वर्गातली इंग्रज मुलं त्यांची नक्कल करायची. दुसऱ्याच आठवड्यात टायट्रेशन होतं, म्हणजे नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं. घाबरून माझा हात थरथरायचा, आणि दर वेळी माप वेगळं यायचं. शेवटी शेजारच्या मुलाच्या वहीत बघून मी तीन सुंदर रीडिंग्ज लिहून काढली. सरांनी वही हातात घेतली.

“यातलं एक तरी तू खरंच घेतलंस का?”

खोटं सांगावं असं मनात होतं. पण त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेच ना. “नाही, सर.”

“ठीक. आता घे.” एवढंच. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसून राहिले, माझा हात थांबेपर्यंत. त्या दिवशी सगळे घरी गेले होते आणि सरांचा जेवणाचा डबा न उघडता तसाच होता. मला वाटतं, घराबाहेर मी खरं बोलत होते अशी ती एकच जागा होती, आणि तरीही मला त्या माणसाची सगळ्यात जास्त भीती वाटायची.

दुसऱ्या वर्षाची दिवाळी आली. एडिनबराचा फॉर्म भरायचा होता आणि त्याला सरांचं शिफारसपत्र लागणार होतं. मंडळाचं दिवाळीचं जेवण नेहमी नीलाकाकूंकडे, वेम्बलीला असायचं. नीलाकाकू म्हणजे मंडळाचं स्वयंपाकघर. शंभर पुऱ्या लाटून वर गप्पा मारायची ताकद फक्त त्यांच्यात. मी अर्थातच ‘एडिनबराला’ होते, म्हणजे पडदे ओढून घरात. आईबाबा दुपारी चारला परत आले. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. बूट न काढताच ते वर गेले. आईने मला सांगितलं ते असं.

पंगत बसली होती. सरांच्या पानात श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी सगळं वाढून झालं होतं. दोन घास घेऊन झाले असतील. नीलाकाकू वाढता वाढता त्यांच्यासमोर थांबल्या आणि हसत म्हणाल्या, “सर, तुम्ही केमिस्ट्री शिकवता, आणि आमच्या डॉक्टरांची लेकही एडिनबराला केमिस्ट्रीच करतेय. तुमची कधी गाठ पडली की नाही तिच्याशी?”

बाबांच्या हातातली पुरी हातातच राहिली. सरांनी नीलाकाकूंकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग ते उठले. हात धुतले, कोट घातला, दारातून सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेले. भरल्या पानावरून. नीलाकाकू मागे धावल्या, “अहो सर, काय चुकलं आमचं?” सर एवढंच म्हणाले, “तुमचं काही नाही.”

आपल्याकडे भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. घरच्या बाईचा त्याहून मोठा अपमान नाही. आणि ज्याच्या पानात आजवर शीत उरलं नाही, त्याने तो केला. लोक म्हणाले, म्हातारा आता पुरता बिघडला.

“पण बोलले नाहीत ना?” आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. “वाचलो ना आपण?” मीही म्हटलं, वाचलो. मला तेव्हा सरांचं काहीसुद्धा वाटलं नाही. ही गोष्ट मी कबूल करते. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं आणि मग लगेच पुढची भीती लागली, की आता ते माझं पत्र लिहितील का.

सोमवारी लॅबमध्ये मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, “सर, कालचं कळलं.”

“श्रीखंड उत्तम होतं,” सर म्हणाले. “दोनच घास झाले.” मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. “वाच. एखाद्याच्या पाठीमागे पत्र लिहिणं मला पटत नाही.”

मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, की ही मुलगी अत्यंत घाबरट आहे. थर्मोडायनॅमिक्समध्ये कच्ची आहे, मुलाखतीत तिला नेमकं तेच विचारावं. प्रयोगात तिने मला एकदा खोटी रीडिंग्ज दाखवली, विचारल्यावर लगेच खरं सांगितलं, आणि त्यानंतरच्या वर्षभरात तिची वही मी ज्या दिवशी उघडली त्या दिवशी खरी होती. तिसऱ्या वर्षाला ती चालेल.

“सर, खोट्या रीडिंग्जचं काढता नाही का येणार?”

“येणार नाही,” सर म्हणाले.

बाबांना मी ते पत्र दाखवलंच नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा किंग्ज क्रॉसहून एडिनबराची गाडी पकडली. साडेचार तासांच्या त्या प्रवासात खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही. थर्मोडायनॅमिक्सची वही मांडीवर होती आणि त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सरांचं पत्र समोर ठेवलं होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न थर्मोडायनॅमिक्सचा विचारला. मी म्हटलं, मला येत नाही. दुसरा विचारला. अर्धा येतो, म्हटलं, आणि अर्धा सांगितला. बाई पत्र हातात घेऊन म्हणाल्या, “असं पत्र मला आजपर्यंत कोणी पाठवलेलं नाही. तुमचे हे सर नेहमी असेच असतात का?” मी हो म्हटलं. तीन आठवड्यांनी तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं पत्र आलं.

बाबांचा हिशोब तंतोतंत जुळला. त्यांनी पेढ्यांचा डबा आणला, पण वाटायचे कोणाला? पेढे तर जवळजवळ दोन वर्षांपूर्वीच वाटून झाले होते. आम्ही तिघांनी पडद्याआड बसून ते खाल्ले. मी एक सरांना नेऊन दिला. तो त्यांनी माझ्यासमोर लगेच खाल्ला.

मी एडिनबराला गेले ती तिथलीच झाले. डिग्री झाली, तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. वॉटफर्डला आले की सरांकडे जायचे. ते रिटायर झाले होते, गुडघ्याने पुरते बसले होते. ते मंडळाच्या कार्यक्रमांना दिसत नसत. बाबा म्हणायचे, “विक्षिप्त माणूस. येणं सोडलं त्याने.” मला तेच खरं वाटलं, कारण ते सोयीचं होतं. फक्त दर खेपेला सर मंडळाबद्दल विचारायचे, की यंदा नीलाकाकूंकडे पुऱ्या तळायला कोण होतं, पंगत किती वेळ चालली, नाटक कोणतं झालं. बारीकसारीक सगळं विचारून घ्यायचे. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग एका दिवाळीला मी नीलाकाकूंकडे जेवायला होते. नव्वदचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं. कोणीतरी नव्या सुनेला हसत सांगत होतं, “या घरात नीट जेव हो, इथून भरल्या पानावरून आजवर एकच माणूस उठलाय.” सगळे हसले. बाबाही हसले. मोकळेपणाने, मान मागे टाकून हसले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काकू एकट्याच पुऱ्या तळत होत्या.

“काकू, सर तेव्हा उठले ते माझ्यामुळे. मी एडिनबराला नव्हतेच. इथेच होते, वॉटफर्डला. सर मला शिकवत होते.”

काकूंनी गॅस बारीक केला. “माहीत आहे गं.”

“काय माहीत आहे?”

“सगळंच. पहिल्याच ऑक्टोबरात मी तुला बसस्टॉपवर पाहिलं होतं. डोक्याला स्कार्फ बांधला म्हणून माणसाची चाल लपते का? सगळ्यांनाच माहीत होतं. पण तुझ्या बाबांना कोण बोलणार? पेढे खाल्ले होते ना आम्ही त्यांचे.”

दोन वर्षं गाडीच्या मॅटवर तोंड दाबून मी ज्यांच्यापासून लपत होते, ते सगळे मला बघून न बघितल्यासारखं करत होते. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना.

“मग सरांना का विचारलंत?”

काकू झाऱ्याने तेल ढवळत राहिल्या. “चेष्टा म्हणून. म्हटलं, बघू तरी हे हरिश्चंद्र काय करतात. ते असे उठतील असं वाटलं नव्हतं गं. फार लागलं मला ते.”

“आणि पुन्हा बोलावलं का नाहीत?”

“कसं बोलावणार? पुन्हा कोणीतरी विचारलं असतं. तुझं तेव्हा अ‍ॅडमिशनचं चाललेलं. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, तिचं होईपर्यंत सरांना नको बोलवायला.”

“काकू, माझं होऊन सात वर्षं झाली.”

“हो,” काकू म्हणाल्या. “पण एकदा राहिलं की राहतंच बघ. आता कुठल्या तोंडाने बोलवू?”

बाहेर पंगतीतून कोणीतरी पुऱ्या मागत होतं. फ्रिजशेजारी भिंतीवर फोन होता. मी कधीही आपणहून कोणाला फोन करत नाही, अजूनही मला त्याची भीती वाटते. सरांचा नंबर मला पाठ होता. मी तो फिरवला. बऱ्याच वेळाने पलीकडे फोन उचलला गेला. गुडघ्यामुळे त्यांना फोनपर्यंत यायला वेळ लागतो. मी माझं नाव सांगितलं, म्हटलं, “सर, नीलाकाकूंना तुमच्याशी बोलायचंय,” आणि रिसीव्हर काकूंसमोर धरला.

काकू मागे सरकल्या. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. शंभर माणसांची पंगत उठवणारी ती बाई एका म्हाताऱ्या माणसाच्या आवाजाला घाबरली होती.

“कोण बोलतंय?” पलीकडून सर विचारत होते. मला ते दुरूनही ऐकू येत होतं.

मी हात खाली घेतला नाही. शेवटी काकूंनी रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. “सर, मी नीला,” त्या म्हणाल्या, आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ उभी राहिले.